पुसलेल्या फिती, उरलेली उत्तरे

'मंजूषा' म्हणजे पेटी. 'क्विझ' या शब्दासाठी मराठीने 'प्रश्नमंजूषा' हा प्रतिशब्द रूढ केला, तेव्हा त्याबरोबर एक गृहीतकही नकळत रूढ झाले. प्रश्न कोठेतरी साठवलेले, कुलपात ठेवलेले असतात; ठरल्या वेळी पेटी उघडावयाची, एकेक प्रश्न बाहेर काढावयाचा आणि वेळ संपली की पेटी पुन्हा बंद करावयाची. पेटी ही जपणुकीची वस्तू आहे. परंतु ज्या कार्यक्रमप्रकाराला हे नाव मिळाले, त्याच्या दूरचित्रवाणीवरील आरंभकाळाकडे पाहिले तर ही पेटी बहुतेक ठिकाणी रिकामी आढळते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील 'जेपर्डी!' या कार्यक्रमाचे आहे. एन. बी. सी. या वाहिनीवर तो ३० मार्च १९६४ रोजी सुरू झाला आणि ३ जानेवारी १९७५ पर्यंत दिवसाच्या प्रक्षेपणात चालला. आर्ट फ्लेमिंग हे त्याचे सूत्रसंचालक होते. या अकरा वर्षांत २,७५३ भाग प्रक्षेपित झाले. त्यांपैकी मोजकेच आज शिल्लक आहेत. हाच कार्यक्रम १९८४ पासून नव्या सूत्रसंचालकासह पुन्हा सुरू झाला आणि अद्याप चालू आहे. म्हणजे कार्यक्रम जिवंत आहे, त्याचे उत्तरायुष्य तपशीलवार नोंदलेले आहे, मात्र त्याचे बालपण पुसले गेले आहे. ब्रिटनमधील 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' या १९६२ साली सुरू झालेल्या विद्यापीठीय प्रश्नमंजूषेच्या आरंभीच्या भागांची स्थितीही फारशी वेगळी नाही.

ही हानी संग्राहकांनी हळहळावे एवढ्यापुरती आहे, की वाङ्मयाभ्यासाशीही तिचा काही संबंध पोचतो, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. वरवर पाहता संबंध पोचत नाही. प्रश्नमंजूषेला कोणी वाङ्मयप्रकार मानत नाही. तिच्यात कर्ता नाही, कथन नाही. जी आहे ती माहिती, आणि माहिती तर ज्ञानकोशात सुरक्षित आहे. कादंबरीचे हस्तलिखित हरवले तर कादंबरी हरवते. प्रश्नमंजूषेचा भाग हरवला तर त्यातील एकही उत्तर हरवत नाही. तेव्हा हरवले ते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मुंबईच्या दूरदर्शन केंद्रापेक्षा त्या केंद्राच्या प्रक्षेपणकक्षेबाहेर राहिलेल्या महाड-पोलादपूरसारख्या प्रदेशातून पाहणे अधिक उपयुक्त ठरते. का, ते पुढे स्पष्ट होईल.

१

फिती पुसल्या गेल्या त्यामागे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. चुंबकीय ध्वनिचित्रफीत १९५६ साली व्यवहारात आली. फिती महाग होत्या. त्यांचा मोठा गुण असा सांगितला जाई की त्या पुसून पुन्हा वापरता येतात. चित्रपटाच्या फितीवर एकदा प्रतिमा उमटली की ती उमटली. चुंबकीय फितीचे मोल मात्र तिच्या विस्मरणक्षमतेत होते. प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने कार्यक्रम म्हणजे एक घटना होती, वस्तू नव्हे. घटना घडून गेली की तिचे वाहन पुढच्या घटनेसाठी मोकळे करावयाचे. पुनःप्रक्षेपणाची बाजारपेठ तेव्हा अस्तित्वात नव्हती. दिवसा चालणाऱ्या खेळवजा कार्यक्रमांसाठी ती कधी निर्माण होईल अशी कल्पनाही कोणी केली नव्हती. ब्रिटनच्या बी. बी. सी.नेसुद्धा चित्रपट व ध्वनिचित्रफिती यांचे पद्धतशीर ग्रंथालय उभारण्यास १९७८ साल उजाडावे लागले.

नाटके, विशेष मुलाखती, राष्ट्रीय समारंभ यांना फिती राखण्याच्या यादीत काही स्थान होते. खेळ, बालकार्यक्रम, शेतीविषयक चर्चा आणि प्रश्नमंजूषा हे त्या उतरंडीच्या तळाशी होते. म्हणजे पुसण्याची क्रिया यांत्रिक असली तरी पुसावयाचे काय याची निवड मूल्यात्मक होती. साहित्याच्या इतिहासात 'अभिजात' आणि 'क्षुल्लक' अशी विभागणी समीक्षक करतात. येथे तीच विभागणी भांडारपालाच्या नोंदवहीने केली, आणि तिच्यावर अपील करण्याची सोय ठेवली नाही. समीक्षकाने क्षुल्लक ठरवलेले पुस्तक पन्नास वर्षांनी दुसरा समीक्षक ग्रंथालयाच्या कपाटातून काढून वाचू शकतो. पुसलेली फीत तशी वाचता येत नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीचे केंद्र त्यापूर्वी, १५ सप्टेंबर १९५९ रोजी, प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले होते. वरळीच्या मनोऱ्यावरून होणाऱ्या कृष्णधवल प्रक्षेपणात 'गजरा', 'ज्ञानदीप', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'आमची माती, आमची माणसं' यांसारख्या कार्यक्रमांनी मराठी घरांत जागा मिळवली. यांतील कित्येक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. ध्वनिमुद्रित होत त्यांच्या फितीही पुन्हा वापरात येत. टेप आयात करावी लागे आणि ती नेहमीच अपुरी असे. जगभरच्या केंद्रांत जी रीत होती ती येथेही होती. त्यामुळे पहिल्या दशकातील मराठी दूरचित्रवाणीचा अभ्यास करू पाहणाऱ्याच्या हाती मुख्यतः छापील कार्यक्रमपत्रिका, वृत्तपत्रांतील त्रोटक स्तंभ, निर्मात्यांच्या आठवणी आणि वाचलेल्या थोड्या फिती एवढेच साहित्य येते. सांगाड्याला वेळ आणि नाव आहे, मांस नाही.

२

सत्तरच्या दशकात महाड आणि पोलादपूर हे कुलाबा जिल्ह्यातील तालुके होते. जिल्ह्याला 'रायगड' हे नाव १९८१ मध्ये मिळाले. महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून महाडकडे वाहते. एका अंगाला रायगडाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला महाबळेश्वराकडे चढणारा आंबेनळी घाट, दक्षिणेला कशेडी, भोरच्या बाजूला वरंधा. अशा डोंगरांच्या कुशीतील वाड्यांपर्यंत वरळीचे प्रक्षेपण पोचण्याची अपेक्षाच नव्हती. तेथे आकाशवाणी होती, वर्तमानपत्र दुपारच्या एस. टी.ने येई, आणि तिसरे माध्यम होते चाकरमानी.

मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, घरकामात असलेला या भागातील माणूस चाळीतील ज्या एखाद्या खोलीत दूरचित्रवाणी संच असे तेथे दाराशी उभा राहून, खिडकीतून, जमिनीवर दाटीने बसून कार्यक्रम पाही. गणपतीला, शिमग्याला तो गावी जाई तेव्हा पाहिलेले सांगे. म्हणजे गावाच्या दृष्टीने दूरचित्रवाणी हे आरंभी मौखिक माध्यम होते. प्रतिमा वरळीहून निघे, लालबाग-परळच्या चाळीत पोचे आणि तेथून पुढे शब्दरूपाने कशेडीच्या पायथ्यापर्यंत जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर अनेकांना गावाकडे परतावे लागले. त्याच वर्षी आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्यानंतर प्रक्षेपण-मनोऱ्यांचे जाळे विस्तारू लागले. एका अर्थाने कृष्णधवल काळाचा प्रेक्षक गावी परतला, तेव्हा तो काळच मुंबईत संपत आला होता.

या वाटेने गावात पोचलेली प्रश्नमंजूषा कशी असेल? निवेदकाचा आवाज, घंटेचा नाद, गुणफलक हे सारे गळून पडत असणार. शिल्लक राहणार तो प्रश्न आणि त्याचे उत्तर. कारण सांगणाऱ्याला तेवढेच सांगता येते आणि ऐकणाऱ्याला तेवढेच पुन्हा दुसऱ्याला घालता येते. पुसलेल्या फितीने जे केले तेच मौखिक प्रसाराने, वेगळ्या मार्गाने, आधीच करून ठेवले होते: प्रसंग गेला, उत्तर राहिले. म्हणूनच कक्षेबाहेरचा प्रदेश हा या हानीचे स्वरूप समजून घेण्यासाठी योग्य जागा ठरतो. तेथे मुळातच अनुपस्थित असलेली गोष्ट नंतर सर्वांसाठीच अनुपस्थित झाली.

मात्र या प्रदेशाला प्रश्नोत्तरांचा खेळ दूरचित्रवाणीने शिकवला, असे समजणे चुकीचे होईल. कोकणात ज्याला शक्ती-तुरा म्हणतात, तो कलगी-तुऱ्याच्या भेदिक परंपरेतूनच आलेला आहे. शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. एक प्रकृतीचे श्रेष्ठत्व मांडतो, दुसरा पुरुषाचे. ढोलकी आणि टाळांच्या ठेक्यावर जाखडीचा फेर धरलेला असतो. गण, गवळण झाल्यावर सवाल सुरू होतात. पुराणातील एखादा आडवळणी प्रसंग, नात्यांचा एखादा गुंता, देहतत्त्वांची एखादी गणना घेऊन एक शाहीर प्रतिपक्षाला कोड्यात पकडतो आणि दुसऱ्याने त्याचे उत्तर पद्यातच बांधून द्यावयाचे असते. उत्तर चुकले तर हशा होतो. उत्तर टाळून उलट सवाल केला तर प्रेक्षक त्या चातुर्यालाही दाद देतात. महाड, पोलादपूर, माणगाव, खेड, मंडणगड या पट्ट्यात हा खेळ रंगतो आणि चाकरमान्यांबरोबर तो मुंबईच्या नाट्यगृहांतही पोचला आहे.

या दोन प्रश्नखेळांची तुलना उद्बोधक आहे. दूरचित्रवाणीच्या प्रश्नमंजूषेत प्रश्नकर्ता तटस्थ असतो. त्याच्या हातातील कागदावर उत्तर आधीच लिहिलेले असते आणि त्या कागदाला आव्हान देता येत नाही. शक्ती-तुऱ्यात प्रश्नकर्ता हा स्वतः पक्षकार असतो. त्याचे उत्तर त्याच्या गुरूकडून, त्याच्या घराण्याच्या बाडातून आलेले असते, आणि प्रतिपक्षाच्या बाडात त्याच प्रश्नाचे निराळे उत्तर असू शकते. निर्णय कागदाने होत नाही. तो जमलेल्या माणसांच्या कौलाने होतो. पहिल्या खेळात ज्ञान ही वस्तू आहे, दुसऱ्यात ती कुरघोडी आहे. 'सामान्यज्ञान' या शब्दातील 'सामान्य' कोणी ठरवले, हा प्रश्न पहिल्या खेळात विचारलाच जात नाही. दुसऱ्यात तो प्रत्येक सवालागणिक विचारला जातो.

आणि तरीही जतनाच्या दृष्टीने दोहोंची गत सारखी आहे. शाहिराच्या बाडात सवाल आणि त्याचे जवाब उतरवलेले असतात. रात्र उतरवलेली नसते. कोणता जवाब कोठे अडखळला, कोणत्या ओळीवर समोरचा पक्ष गप्प झाला, याची नोंद बाड करीत नाही. शिवाय बाडेही कागदाचीच आहेत. जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी महाडात शिरलेल्या पुराने घरोघरचे कागद गाळात मिळवले. त्या जुलैत तळियेची वाडी दरडीखाली गेली, तेव्हा कागदाचा विचार कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. हे योग्यच होते. पण कागद गेले हेही खरे आहे.

३

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. उत्तरे उरली असता नेमके काय हरवते?

आर. जी. कॉलिंगवुड या तत्त्वचिंतकाने १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात असे प्रतिपादन केले की कोणतेही विधान हे कोणत्यातरी प्रश्नाचे उत्तर असते, आणि तो प्रश्न माहीत नसेल तर विधानाचा अर्थ कळत नाही. पुढे हान्स-गेओर्ग गाडामर यांनी १९६० सालच्या आपल्या 'सत्य आणि पद्धती' या ग्रंथात हाच धागा अर्थनिर्णयनाच्या केंद्रस्थानी आणला: संहिता समजणे म्हणजे ती ज्या प्रश्नाला सामोरी गेली तो प्रश्न पुन्हा घडवणे. मराठी समीक्षेने हा विचार ग्रंथांच्या संदर्भात स्वीकारला आहे. प्रश्नमंजूषेच्या संदर्भात तो कोणी लावून पाहिला नाही, कारण तेथे प्रश्न उघडपणे विचारलेलाच असतो. मग तो पुन्हा घडवावयाचा कशाला?

परंतु उच्चारलेला प्रश्न आणि ज्या परिस्थितीतून तो उद्भवतो तो प्रश्न हे दोन वेगळे असतात. महाडचेच उदाहरण घ्यावे. 'चवदार तळ्याचा सत्याग्रह केव्हा झाला?' हा कोणत्याही मराठी प्रश्नमंजूषेत शोभेल असा प्रश्न आहे. उत्तर: २० मार्च १९२७. एक गुण. उत्तर बिनचूक आहे आणि ते कोणत्याही क्षणी ज्ञानकोशातून पुन्हा मिळू शकते. पण या तारखेभोवती जे प्रश्न खरोखर विचारले गेले, ते 'केव्हा' या प्रकारचे नव्हते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत काय, हा प्रश्न मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांच्या ४ ऑगस्ट १९२३ च्या ठरावाने विचारला गेला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला कागदावर होकार दिला. कागदावरचा होकार ओठांपर्यंत पोचतो काय, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर तळ्यावर चालत गेलेल्या जनसमुदायाने पाणी पिऊन विचारला. त्यानंतर तळे 'शुद्ध' करून सनातन्यांनी आपले उत्तर दिले. डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम आला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्याच्या पाण्याला हात लावला गेला नाही, कारण आता प्रश्न न्यायालयाच्या भाषेत विचारला जात होता: तळे खाजगी की सार्वजनिक? बंदीची वहिवाट पुरातन आहे हे सिद्ध होते काय? मुंबई उच्च न्यायालयाने ती सिद्ध होत नाही असा निर्णय १७ मार्च १९३७ रोजी दिला. घोट पाण्याचा एका दिवसाचा आणि त्याचे उत्तर मिळावयास दहा वर्षे.

हा सारा प्रश्नांचा संघर्ष एका तारखेत मिटवणे, हे प्रश्नमंजूषेच्या संरचनेतच आहे. यात तिचा दोष नाही. संक्षेप हा तिचा धर्म आहे. पण नेमक्या याच ठिकाणी ध्वनिचित्रफितीचे मोल कळते. कारण फितीवर केवळ प्रश्न आणि उत्तर नसते. प्रश्न विचारणाऱ्याचा स्वर असतो. कोणत्या नावाचा उच्चार सफाईने होतो आणि कोणत्या नावाशी जीभ अडखळते, हे असते. उत्तर येण्यापूर्वीची शांतता असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चुकीचे उत्तर असते. बरोबर उत्तर सर्व काळांत सारखेच असते, म्हणून ते इतिहासाचे साधन होऊ शकत नाही. चुकीचे उत्तर मात्र त्या काळाचे असते. एखाद्या महाविद्यालयीन मुलाने पुण्याच्या एखाद्या समाजसुधारकाचे नाव क्षणात सांगावे आणि चवदार तळ्याच्या प्रश्नाला रायगडावरचा गंगासागर सांगावा, यातून त्याच्या शाळेचे, क्रमिक पुस्तकाचे, घरातल्या संभाषणाचे जे चित्र उभे राहते ते कोणत्याही शिक्षणविषयक अहवालात सापडणार नाही. आणि त्या चुकीवर सभागृह हसले की गप्प राहिले, हा तर त्या समाजाविषयीचा आणखी मोलाचा पुरावा. ज्ञानकोशांनी उत्तरे जपली. चुका जपण्याची सोय केवळ फितीत होती, आणि फितीच पुसल्या गेल्या.

'जेपर्डी!'ची रचना येथे विचारास वेगळीच दिशा देते. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रश्नमंजूषांमधील स्पर्धकांना आधीच उत्तरे पुरवल्याचे उघडकीस आले. १९५९ मध्ये 'ट्वेंटी-वन' या कार्यक्रमाचे विजेते चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी तशी कबुली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे दिली. त्या पार्श्वभूमीवर निर्माते मर्व्ह ग्रिफिन यांना त्यांच्या पत्नीने सुचवले की सरळ उत्तरेच द्यावीत आणि स्पर्धकांनी प्रश्न शोधावा. त्यातून 'जेपर्डी!' जन्मला. तेथे निवेदक उत्तर वाचतो. स्पर्धक त्याला शोभणारा प्रश्न उच्चारतो. हरवलेल्या भागांपुढे उभ्या असलेल्या अभ्यासकाची अवस्था हुबेहूब अशीच आहे. उत्तरे त्याच्यापुढे आहेत. ती कोणत्या प्रश्नांची, कोणी कोणाला विचारलेल्या प्रश्नांची, हे त्याला शोधावयाचे आहे.

४

हे शोधावे कसे, याचे मार्गदर्शन आधुनिक माध्यमविद्येपेक्षा मराठी संहितापरंपरेत अधिक नेमके मिळते.

'लीळाचरित्रा'चा इतिहास मराठीच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला परिचित असतो, पण त्यातील पद्धतीकडे पुरेसे लक्ष जात नाही. म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा त्या त्या प्रसंगी उपस्थित असलेल्यांकडून मिळवून लिहिल्या. मूळ पोथी पुढे धाडीत गहाळ झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. नंतर हिराइसा आदी अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला आणि त्याचे अनेक पाठ निर्माण झाले. या पुनर्घटनेत महानुभावांनी एक विलक्षण शिस्त पाळली. जेथे स्मरणांत भेद होता तेथे त्यांनी तो मिटवला नाही. अमुकाची 'वासना' अशी आहे, तमुकाची तशी आहे, असे नोंदवले. पडताळा घेतला तेथे 'शोधु' म्हणून तो वेगळा दिला. आठवण ही कोणाची तरी असते आणि तिला धन्याचे नाव लावूनच ती संहितेत घ्यावयाची, हा तो नियम. वि. भि. कोलते यांची १९७८ सालची संपादित आवृत्ती चाळली तरी या बहुस्वरी नोंदणीचा प्रत्यय येतो.

याची तुलना आजच्या स्मरणव्यवहाराशी करून पाहावी. कृष्णधवल दूरदर्शनविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात सर्व आठवणी एका गोड रसायनात विरघळलेल्या असतात. कार्यक्रम संथ होते, भाषा शुद्ध होती, सारी चाळ एकत्र बसत असे. ही सर्व विधाने खरी असू शकतील. पण ती कोणाची वासना आहे, हे कळत नाही. ज्याच्या खोलीत संच होता त्याची, की जो दाराबाहेर उभा होता त्याची? ज्याला बसावयास सतरंजी मिळाली त्याची, की ज्याने आत पाऊल ठेवावे की नाही याचा अंदाज घेतला त्याची? धन्याचे नाव गळाले की आठवणीचे रूपांतर गहिवरात होते, आणि गहिवर हा पुरावा म्हणून निरुपयोगी असतो.

दुसरा दाखला खुद्द पोलादपुरात आहे. तेथे कवींद्र परमानंदांची समाधी दाखवतात. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून परमानंदांनी रचलेले 'शिवभारत' हे संस्कृत काव्य प्रश्नोत्तराच्या चौकटीतच बसवलेले आहे: काशीचे पंडित विचारतात आणि कवी सांगतो. तंजावरच्या ग्रंथसंग्रहात सापडलेली त्याची संहिता स. म. दिवेकर यांनी संपादित केली आणि ती १९२७ साली, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्याच वर्षी, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केली. हे काव्य एकतीस अध्याय पूर्ण करून बत्तिसाव्याच्या नवव्या श्लोकापाशी तुटते. उत्तर देणारा ऐन कथेत थांबतो. संपादकाने ही तूट तूट म्हणूनच छापली. पुढचा राज्याभिषेक सर्वांना ठाऊक असूनही तो परमानंदाच्या तोंडी घालण्याचा मोह कोणाला झाला नाही. इतिहास ठाऊक असणे आणि ती विशिष्ट वाणी हाती असणे यांत अंतर आहे, हे त्या कोऱ्या जागेने मान्य केले.

'लीळाचरित्र' आणि 'शिवभारत' यांच्या पंक्तीस दूरचित्रवाणीच्या खेळाला बसवण्याचा हा खटाटोप काहींना अस्थानी वाटेल. येथे गुणवत्तेची तुलना अभिप्रेतच नाही. प्रश्न एवढाच आहे की हानीला सामोरे जाण्याची जी रीत एका भाषेने सातशे वर्षांपूर्वी घडवली, ती वापरण्यासाठी हरवलेली वस्तू थोर असावी लागते काय? तसे मानले तर भांडारपालाच्या नोंदवहीतील उतरंड आपणही मान्य केली असे होईल.

५

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. १९७२ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज साठी ओलांडून गेले आहे. चाळीच्या दारातून पाहणारे तरुण गिरणीकामगार आज असतील तर ऐंशीच्या घरात आहेत. प्रश्न विचारणारे, ते तयार करणारे, स्टुडिओत बाकावर बसून उत्तरे देणारे, आणि पाहून गावात सांगणारे, या चार प्रकारच्या साक्षीदारांपैकी पहिल्या दोघांच्या मुलाखती थोड्याफार होतात. चौथ्याकडे कोणी जात नाही. मराठी विभागांतील प्रबंधविषयांच्या याद्यांत दूरचित्रवाणी आली तरी ती मालिकांच्या रूपाने येते. कारण मालिकेत कथा असते आणि कथेचे विश्लेषण करण्याची हत्यारे तयार असतात. प्रश्नमंजूषेसाठी ती बनवावी लागतील.

काही दुवे उपलब्ध आहेत. १९७२ च्या सुमारास सुरू झालेली 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' नभोवाणीवर आधी हमीद सयानी आणि त्यांच्या निधनानंतर अमीन सयानी यांनी लोकप्रिय केली. नव्वदच्या दशकात ती दूरचित्रवाणीवर गेली. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू यांच्या 'क्विझ टाइम'ने महाविद्यालयीन इंग्रजी प्रश्नमंजूषेला राष्ट्रीय प्रक्षेपणात स्थान दिले. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' आली आणि प्रश्नाला प्रथमच किंमत चिकटली. २०१३ मध्ये तिचा मराठी अवतार सुरू झाला. या क्रमात प्रत्येक टप्प्यावर स्पर्धक कोण, हे बदलत गेले: आधी शहरी शाळांतील मुले, मग महाविद्यालयांचे संघ, मग तालुक्याच्या गावातील शिक्षक, शेतकरी, अंगणवाडीसेविका. उत्तरे देण्याचा अधिकार कसा पसरत गेला, याचा हा आलेख आहे. त्याचा शेवटचा भाग आता सर्वत्र साठवलेला आहे आणि कोणीही पाहू शकतो. आरंभबिंदू मात्र पुसट आहे. आणि आरंभबिंदूशिवाय आलेखाचा चढ किती, हे ठरवता येत नाही. आज दिसणारा विस्तार खरोखरचा आहे, की आधीची वगळणूक नजरेआड झाल्यामुळे तो तसा भासतो, याचा निर्णय त्या हरवलेल्या वर्षांवर अवलंबून आहे.

म्हणून सावित्रीच्या खोऱ्यात एखादा अभ्यासक वही घेऊन बसला, तर त्याने 'कार्यक्रम कसा होता' असे विचारू नये. त्याचे उत्तर ठरलेले आहे. 'कोठे बसून पाहिलात', 'गावी येऊन कोणता प्रश्न घातलात', 'कोणाला उत्तर आले नाही', 'उत्तर चुकीचे आहे असे कोणी म्हटले काय', असे विचारावे. शाहिराला त्याच्या बाडातील जवाब विचारण्याऐवजी ज्या रात्री तो जवाब पडला ती रात्र विचारावी. मिळेल ते सांगणाऱ्याच्या नावानिशी, भेदासह लिहावे, आणि जेथे साखळी तुटते तेथे पान कोरे सोडावे. पुसलेली फीत याने परत मिळणार नाही. परंतु चुकीचे उत्तर देणाऱ्या, दाराबाहेर उभ्या राहिलेल्या, प्रश्न पाठ करून घाट उतरून गेलेल्या माणसांची जी नोंद कोणत्याही फितीने केलीच नव्हती, तीही या निमित्ताने प्रथमच होण्याचा संभव आहे.